बैठकीखालची फळी

विल्फ ट्रँटरच्या पँटच्या डाव्या खिशात रुमालात गुंडाळलेला एक चुंबक कायम असायचा. इंग्लंडातल्या ॲबिंग्डनात कुणी जुनी दोन आसनांची एमजी गाडी विकत घ्यायला निघालं की आधी विल्फला बोलावणं जाई. तो यायचा, रंगाकडे ढुंकूनही बघायचा नाही, गुडघ्यावर बसायचा आणि दाराच्या खालच्या कडेवरून चुंबक हळूहळू फिरवायचा. पत्रा असला तर चुंबक धरून ठेवी. जिथे पकड सुटे, तिथला पत्रा कधीच गंजून गेलेला असे आणि त्याजागी पुट्टी भरून वर आरशासारखा रंग मारलेला असे. वरून कीर्तन, आतून तमाशा. रुमाल एवढ्याचसाठी, की दुसऱ्याच्या रंगावर ओरखडा उठू नये. एवढी सभ्यता तो पाळायचा. पुढे तोंडाने जे बोलायचा त्यात ती फारशी नसे.

गाडी चांगली आहे, असं तो कधी म्हणाला नाही. ‘आहे ती आहे’ हे त्याचं सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र. ‘आहे ती नाही’ म्हणाला की सौदा मोडला समजायचं. जुन्या एमजीवाल्यांच्या क्लबच्या वहीत एखादी गाडी अस्सल म्हणून लागायची तर शेवटची सही त्याची. तीस वर्षांत ती सही कुणी खोटी पाडली नव्हती. हे तो स्वतः सांगत फिरत नसे, पण वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षीही तो ताठ चालायचा त्यात याचा वाटा होता.

पंधराव्या वर्षी तो एमजीच्या कारखान्यात पत्रा ठोकायच्या खात्यात लागला. त्या कारखान्यात एक रीत होती. गाडीच्या आतल्या लाकडावर, जिथे पुढे गादी किंवा कातडं येऊन सगळं झाकलं जाणार, तिथे कामगार पेन्सिलीने काहीबाही लिहून ठेवत. नाव, तारीख, मुकादमाला एखादी शिवी, मुलगी झाली, सासू मेली. गिऱ्हाइकाला ते कधी दिसणार नव्हतं, म्हणूनच ते खरं असे. पुढे कारखाना बंद पडला, विल्फ घरामागच्या शेडमध्ये पूर्णवेळ गाड्या दुरुस्त करू लागला, आणि त्याच गाड्या तीस-चाळीस वर्षांनी त्याच्यापुढे उघड्या होऊन पडू लागल्या. लाकूड कुजलेलं असलं तर तो बदलायचाच. पण पेन्सिलीचा तेवढा तुकडा कापून नव्या लाकडात स्क्रूने बसवायचा. आजकालचे दुरुस्तीवाले सगळं जुनं लाकूड शेकोटीत घालतात आणि गाडी नव्याहून नवी करून देतात. त्यांचा विषय निघाला की विल्फ चहाचा कप खाली ठेवायचा, आणि मग तो चहा गार होईपर्यंत कुणाची सुटका नसे.

विल्फचा जिवाभावाचा मित्र एकच, मॉरिस हॅडली. दोघे एकाच आठवड्यात कारखान्यात लागले. मॉरिस गाद्यांच्या खात्यात. त्याची गाडी १९४८ सालची हिरवी एमजी टीसी, आणि ती मुळात त्याची नव्हतीच. थोरला भाऊ लेस्ली, त्याने ती मोडक्या अवस्थेत घेऊन दोन हिवाळे राबून उभी केली होती. तिच्यात शेजारी बसायची बेरिल. लेस्ली छप्पन साली सक्तीच्या लष्करी नोकरीत सायप्रसला गेला आणि परत आला नाही. एकविसावं वर्ष होतं त्याचं. गाडी मॉरिसकडे आली, आणि पाच वर्षांनी बेरिलही मॉरिसच्या घरी आली. लोकांनी दोन-चार दिवस चघळून घेतलं. त्या दोघांनी मात्र लेस्लीचं नाव कधी कपाटात बंद केलं नाही. गाडीला घरात ‘लेस्लीची’ असंच म्हणत.

दर वर्षी बारा मेला, लेस्लीच्या वाढदिवशी, मॉरिस गाडी काढून पांढऱ्या घोड्याच्या टेकडीवर, जिच्या उतारावर खडूत घोडा कोरलेला आहे तिथे, जाई. लेस्लीची ती आवडती वाट. बेरिल त्या दिवशी जात नसे. ती म्हणायची, त्या वाटेवर माझं माझं काही आहे, तुझं तुझं तू बघ. मग डावी बैठक रिकामी राहायची. मॉरिस आदल्या दिवशी विल्फच्या शेडच्या दारात येऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, “येतोस का उद्या? चीज-लोणच्याचे सँडविच बेरिल दोघांचे करतेय.” विल्फला नेमकं काहीतरी निघायचं. एकदा गुडघा, एकदा पाहुणे, एकदा कुणाचा तरी गिअरबॉक्स. एका वर्षी त्याने दातदुखी सांगितली, तेव्हा त्याचे दात काढून दोन वर्षं झाली होती. मॉरिसने त्यावर नुसतं “बरं” म्हटलं.

खाई त्याला खवखवे. विल्फला त्या गाडीत बसवत नव्हतं, आणि त्याचं कारण चौऱ्याहत्तर सालात होतं.

त्या वर्षी पावसाळी वळणावर गाडी मॉरिसच्या हातून निसटून दगडी भिंतीवर गेली. मॉरिसचं फक्त मनगट मोडलं, पण गाडीचा सांगाडा, म्हणजे ज्या दोन लांब लोखंडी तुळयांवर इंजिन, चाकं, सगळं उभं असतं तो, पुढून पिळवटला. टीसीत पुढच्या डाव्या टोकाला त्या लोखंडावरच नंबर ठोकलेला असतो. लेस्लीच्या गाडीचा ५८१२. मॉरिस हात गळ्यात बांधून शेडमध्ये आला आणि त्याने एकच गोष्ट सांगितली. हे लोखंड सरळ होत असेल तर कर. दुसऱ्या गाडीचं घालणार असशील तर मला नको, मी ही अशीच पुरून टाकतो. विल्फ तेव्हा सदतीस वर्षांचा होता आणि त्याने आजवर सरळ न झालेला सांगाडा पाहिला नव्हता, निदान तसं तो सगळ्यांना सांगत असे. म्हणाला, “दोन महिने दे.”

दोन महिने तो कामावरून आल्यावर रोज त्या लोखंडाशी झुंजला. दोरा धरला, ओळंबा सोडला, तापवून लाल केलं, जॅक लावला. इंचभर सरळ व्हायचं आणि थंड झालं की अर्धा इंच परत जायचं. शेवटी डाव्या तुळईला तडा गेला. त्या रात्री त्याने जे केलं ते त्या काळी सगळेच करत. विटनीला एक जळालेली टीसी पडून होती, तिचा सांगाडा शाबूत होता. तो आणला, त्यावरचा नंबर घासून काढला, आकडे ठोकायच्या स्वतःच्या पंचांनी ५८१२ ठोकला, आणि लेस्लीच्या गाडीची नंबर कोरलेली पितळी पाटी होती तिथेच ठेवली. गाड्यांना तेव्हा भावच नव्हता. कुणाला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मग काय झालं? पण मॉरिसने आधीच सांगून ठेवलं होतं ना. मनगट बरं होऊन मॉरिस आला, गाडीखाली वाकून बघितलं, उठला आणि विल्फला मिठी मारली. इंग्रज पुरुष असं सहसा करत नाहीत. विल्फने तोंड उघडलं आणि मिटलं.

जुना सांगाडा लव्हरिज नावाच्या शेतकऱ्याने नेला. त्याला मेंढ्या पलीकडे न्यायला ओढ्यावर काहीतरी आडवं टाकायचं होतं. त्याने वर फळ्या ठोकल्या आणि झाला पूल. पुढे पायवाटच तिथून पडली.

आता २०१६. मॉरिस जानेवारीत गेला. मार्चमध्ये लव्हरिजचं शेत विकलं गेलं, नव्या मालकाने कुजका पूल उपटला, आणि फळ्यांखाली काय आहे ते ओळखणारा एक माणूस नेमका तिथे होता. फेअरक्लफ त्याचं नाव, रेडिंगचा, सभ्य, टापटिपीचा. त्याने गंज खरवडला, नंबर वाचला आणि क्लबला पत्र टाकलं. क्लबचा नियम जुना आणि साधा आहे: नंबर सांगाड्याबरोबर जातो. ज्याच्याकडे खरा सांगाडा, त्याचीच गाडी ५८१२. दुसरी कितीही देखणी असली तरी ती सुट्या भागांची जोडगाडी, आणि किंमत निम्म्यावर. क्लबच्या चिटणिसाने लिहिलं, दोन्हीपैकी एक नंबर बनावट आहे, विल्फ ट्रँटर यांनी तपासून सांगावं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात विल्फ रेडिंगला गेला. फेअरक्लफच्या गॅरेजमध्ये तो सांगाडा दोन लाकडी घोड्यांवर आडवा ठेवला होता. चुंबकाचं तिथे काम नव्हतं. विल्फने डाव्या तुळईवरून नुसती बोटं फिरवली. तडा होता तिथेच होता. लाल करून ठोकल्याच्या खुणा होत्या, सगळ्या त्याच्याच. नंबर कारखान्याचा. ठोकलेल्या नंबराचं अक्षरही माणसाच्या अक्षरासारखं ओळखू येतं. विल्फच्या स्वतःच्या पंचातला आठ वरच्या बाजूला किंचित उघडा उठायचा, आणि तसा आठ बेरिलच्या गाडीवर होता.

फेअरक्लफने विचारलं, “काय वाटतं तुम्हाला, मिस्टर ट्रँटर?”

“बघतोय,” विल्फ म्हणाला.

त्याने एक वाक्य बोलायचा अवकाश होता. हा आठ मला संशयास्पद वाटतो. बस. फेअरक्लफने मान डोलावली असती, क्लबने डोलावली असती, लोखंड भंगारात गेलं असतं. मॉरिसची ती मिठी राहिली असती, बेरिलची ‘लेस्लीची’ राहिली असती, आणि विल्फची सहीसुद्धा. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याने दुसऱ्या कुणाच्या गॅरेजात असलं काही पकडलं असतं तर त्या माणसाला क्लबच्या दारात उभं केलं नसतं. तो म्हणाला, सही चार दिवसांनी पाठवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बेरिलच्या स्वयंपाकघरात बसला. मागे फडताळावर राणीच्या राज्याभिषेकाच्या वेळचा पाव होता, गावच्या रीतीप्रमाणे नगरपालिकेच्या गच्चीवरून गर्दीत फेकलेला, लेस्लीने उडी मारून झेललेला. त्रेपन्न सालापासून वॉर्निश लावून ठेवलेला. बेरिलने चहा ओतला. विल्फने चहाला हात न लावता सगळं सांगितलं. तापवलेलं लोखंड, तडा, विटनी, पंच, लव्हरिज. सांगताना तो टेबलाकडे बघत होता.

त्याचं सांगून झाल्यावर ती म्हणाली, “ओढ्यावरचा पूल? आम्ही कुत्र्याला घेऊन रोज जायचो तो?”

“तोच.”

“मॉरिस त्या पुलावर रोज थांबायचा. मी पुढे निघून जायचे. मला वाटायचं मासे बघतोय.” तिने किटली बाजूला सारली. “मला नाही सांगितलंस ते सोड. त्याला का नाही सांगितलंस?”

“आधी लाज वाटली. नंतर उशीर झाला.”

“इस्पितळात शेवटच्या दिवशी मी तुम्हा दोघांना सोडून बाहेर गेले होते. मुद्दाम गेले होते. तेव्हाही नाही?”

“तेव्हाही नाही, बेरिल.”

“भित्रा आहेस तू,” ती म्हणाली. आवाज चढवून नाही, चहात साखर कमी आहे म्हणावं तसं. विल्फला आयुष्यात पुष्कळ लोक पुष्कळ बोलले होते, पण हे लागलं, कारण ते खरं होतं.

मग तिने जे विचारलं ते विल्फच्या ध्यानीमनी नव्हतं. ती म्हणाली, “पंचावन्न वर्षं झाली लग्नाला. त्यातली बेचाळीस मी ज्या गाडीत बसले, तिचा नंबर काय होता? तीही कुणाची तरी असेल ना.”

“लिहून ठेवलाय,” विल्फ म्हणाला. “बैठकीखालच्या फळीवर. खालच्या बाजूने.”

रीत ती रीत. विटनीचा नंबर घासल्यावर, गादी परत बसवायच्या आधी, त्याने तो पेन्सिलीने फळीच्या पोटाला लिहिला होता, कारण गाडीचं नाव कुठेही न लिहिता पुसून टाकणं त्याच्याच्याने झालं नव्हतं. त्यानंतर बेचाळीस वर्षं त्याने त्या गाडीचं इंजिन काढलं, ब्रेक केले, चाकांना ग्रीस भरलं, पण त्या फळीला हात लावला नाही. गाद्या मॉरिस स्वतःच करायचा.

फळी बघायला दोघे गॅरेजकडे गेले, आणि दारातच हे वाक्य विल्फच्या मनात पुन्हा आलं. गाद्या मॉरिस स्वतःच करायचा. गाद्यांच्या खात्यातला माणूस नवी गादी शिवताना आधी फळी उचलतो. उचलतोच. हे विल्फला पंधराव्या वर्षापासून माहीत होतं, आणि तरी आपलं गुपित त्याने नेमकं तिथेच ठेवलं होतं. पत्रा ठोकणाऱ्याला गादी म्हणजे झाकण वाटतं, एवढाच त्याचा अर्थ.

बेरिलने गादी उचलली. फळी उचलायला विल्फचे हात लागले. उलटी करून त्याने ती उजेडात धरली. त्याचं स्वतःचं जुनं अक्षर: सांगाडा सरळ झाला नाही. हा दुसरा, ६१०४, विटनीची जळालेली. लेस्लीचा लव्हरिजच्या ओढ्यावर. मॉरिसला सांगितलं नाही. वि. ट्रँ., नोव्हेंबर ७४.

त्याच्याखाली मॉरिसचं बारीक, तिरकं अक्षर होतं.

१२ मे ८३. वाचलं. विल्फला विचारलं. नाही आला.

१२ मे ८४. विचारलं. नाही आला.

पुढे शब्द नव्हते, नुसती सालं. एकाखाली एक, फळीच्या कडेपर्यंत, मग दुसरी ओळ. कधी पेन्सिल टोकदार, कधी बोथट. शेवटचं साल २०१५, आणि ते थरथरलेलं.

विल्फ सालं मोजत नव्हता. त्याला शेडच्या दारात उभा असलेला मॉरिस दिसत होता, दर मेमध्ये, हातात टोपी, येतोस का उद्या म्हणून विचारणारा. ज्याला सगळं ठाऊक होतं तो. दातदुखीला “बरं” म्हणणारा. त्याला रागवायचं असतं तर एका दिवसात रागावून मोकळा झाला असता. त्याने तेहतीस वर्षं शेजारची बैठक रिकामी ठेवली होती. विल्फ फळी छातीशी धरून गाडीच्या पायरीवर खाली बसला आणि म्हातारा माणूस रडताना जसा आवाज येतो तसा आवाज त्याच्या नाकातून आला. बेरिल शेजारी उभी राहिली. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही, पण ती आत निघूनही गेली नाही.

त्याच दिवशी त्याने क्लबला लिहिलं. रेडिंगचा सांगाडा ५८१२, आहे तो आहे. हॅडलींच्या गाडीवरचा नंबर बनावट असून तो मी स्वतः ठोकला आहे. खाली नेहमीची सही केली आणि लिहिलं की यापुढे माझी सही घेऊ नये. चिटणिसाचा फोन आला, त्या काळी सगळेच तसं करत होते, राजीनामा कशाला. विल्फ म्हणाला, सगळ्यांना मॉरिस हॅडली मित्र नव्हता.

पितळी पाटीचे दोन स्क्रू बेरिलने स्वतः सोडवले. फेअरक्लफ ती न्यायला आला तेव्हा तिने त्याला बसवून चहा दिला आणि लेस्ली कसा होता ते तासभर सांगितलं. गाडी उभी करशील तेव्हा तिला ठाऊक असायला हवं, म्हणाली. त्या माणसाने टोपी मांडीवर ठेवून सगळं ऐकून घेतलं. जाताना तो म्हणाला की तडा मी बुजवणार आहे, पण ठोक्याच्या खुणा तशाच ठेवीन.

बारा मेच्या आदल्या दिवशी विल्फ शेडमध्ये काही काम नसताना काम करत होता. दारात सावली पडली. बेरिल होती.

“येतोस का उद्या?” ती म्हणाली. “सँडविच दोघांचे करतेय.”

“तू जात नाहीस त्या दिवशी.”

“लेस्लीच्या गाडीतून जात नव्हते. ही कुठे लेस्लीची आहे?”

विल्फ हातातलं फडकं घडी घालत राहिला. गुडघा खरंच दुखत होता, आणि उद्या दुपारी खरंच एक माणूस कार्ब्युरेटर घेऊन येणार होता.

“येतो,” तो म्हणाला.

एकोणऐंशी वर्षांची बेरिल उजवीकडे, एकोणऐंशी वर्षांचा विल्फ डावीकडे. पाटी होती तिथे दोन भोकं. वळणावळणाच्या रस्त्याने गाडी टेकडीकडे निघाली तेव्हा विल्फचे कान सवयीने इंजिनाकडे होते. मग त्याला खाली, पाठीच्या कण्याच्या टोकाशी, सांगाडा रस्ता सांगत असलेला जाणवला. डावीकडे किंचित ओढत नव्हता, उजवीकडे नव्हता. विटनीचं ते लोखंड बेचाळीस वर्षांनीही दोऱ्यासारखं सरळ होतं. ते त्यानेच बसवलं होतं, आणि त्यावर बसून तो आज पहिल्यांदा कुठे चालला होता.

वर वारा होता. दोघांनी सँडविच खाल्ले, फारसं बोलले नाहीत. लेस्लीचं नाव एकदा निघालं, मॉरिसचं दोनदा.

संध्याकाळी गॅरेजमध्ये बेरिलने गादी उचलली आणि फळी काढून उलटी त्याच्यासमोर धरली. एप्रनच्या खिशातून तिने पेन्सिलीचं एक थोटूक काढलं. मॉरिसच्या हत्यारांच्या डब्यातलं, चाकूने टोक केलेलं. विल्फने चष्मा लावला. २०१५ च्या खाली बोटभर जागा उरली होती. त्याने आधी साल लिहिलं, मग थांबला, मग पुढे लिहिलं: आला.